अ‍ॅनेटची ढाल: ‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’ सात महिने खेळल्यावर

गेम सुरू करतानाच दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. एक, किती अवघड हवा. दुसरी, क्लासिक की कॅज्युअल. कॅज्युअलमध्ये लढाईत पडलेला भिडू पुढच्या लढाईला पुन्हा उभा असतो. क्लासिकमध्ये पडला तो गेला, शेवटपर्यंत परत येत नाही. आमच्या शाळेत पीटीचे सर मुलांना कबड्डीचे जुने प्रकार समजावून सांगतात. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन आत येतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसतो, अख्खा संघ बाद होईपर्यंत. मी नॉर्मल अवघडपणा घेतला आणि गामिनी निवडली. मे महिन्याच्या सुट्टीत सुरू केलेला हा खेळ डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा पूर्ण झाला. पहिल्या खेपेला सत्तरेक तास लागले, दुसऱ्या खेपेला थोडे कमी. हा अनुभव मुख्यतः त्या एका निवडीबद्दल आहे.

आधी थोडी ओळख. ‘फायर एम्ब्लेम’ ही जपानी मालिका १९९० साली निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जुन्या गेमयंत्रावर सुरू झाली, आणि मेलेला भिडू मेलेलाच राहणं हा तिचा पहिल्यापासूनचा नियम. जपानबाहेर ती पहिल्यांदा आली २००३ मध्ये. कॅज्युअलचा पर्याय तर २०१० मध्ये आला, म्हणजे पहिली वीस वर्षं सगळे गामिनीच खेळत होते. ‘थ्री हाउसेस’ जुलै २०१९ मध्ये निन्टेंडो स्विच या हातात धरून खेळता येणाऱ्या गेमयंत्रावर आला. इंटेलिजंट सिस्टम्सने तो कोएई टेकमोच्या साथीने बनवला. लढाई बुद्धिबळासारखी, चौकोनी घरांच्या नकाशावर. आपले सगळे हलले की शत्रूचे हलतात.

मला तो माझ्या धाकट्या भावाने दिला. स्वतःचं जुनं स्विच माझ्या हातात ठेवून म्हणाला, “ताई, यात तू शिक्षिका आहेस.” खरंच आहे. फोडलान नावाच्या खंडाच्या मधोमध गॅरेग माख हा मठ, मठात सैनिकी शाळा, शाळेत तीन तुकड्या, आणि आपण त्यातल्या एका तुकडीचे प्राध्यापक. मी ब्लू लायन्स घेतली. दिमित्री हा राजपुत्र आणि आणखी सात जण, मिळून पट आठाचा. परळच्या शाळेत माझ्या नववीच्या वर्गाचा पट चोपन्नचा आहे. आठ मुलं म्हणजे प्रत्येकाकडे बघायला वेळ आहे, हे सुख मला आधी गेममध्ये मिळालं.

गेमचं कॅलेंडर महिन्यांवर चालतं. आठवडाभर वर्ग, रविवारी मोकळीक, महिन्याच्या शेवटी मोठी लढाई. वर्गात कुणाला भाला शिकवायचा, कुणाला जादू, कुणाला घोड्यावर बसवायचं, हे आपण ठरवतो. रविवारी मठात फिरायचं, मुलांबरोबर जेवायचं, चहाला बोलवायचं, कुणाची हरवलेली वस्तू सापडली तर ज्याची त्याला नेऊन द्यायची. दोघं लढाईत शेजारी शेजारी उभी राहिली की त्यांची ओळख वाढते आणि त्यांच्यातले संवाद उघडतात, आधी सी, मग बी, मग ए. या संवादांतच मुलं कळतात. अ‍ॅश धाकट्या भावंडांची काळजी करतो. इन्ग्रिडला खायला फार आवडतं आणि तिला शूर सरदार व्हायचंय. फेलिक्स कुणाशी धड बोलत नाही. आणि अ‍ॅनेट वर्गातली सगळ्यात कष्टाळू मुलगी, जी आजूबाजूला कुणी नाही असं समजून काम करता करता स्वतःच रचलेली गाणी म्हणते. ती गाणी फेलिक्सच्या कानावर पडतात आणि हा तुटक बोलणारा मुलगा त्या गाण्यांत अडकतो. त्या दोघांचा सी झाला, बी झाला. ए दुसऱ्या भागात उघडतो, कथेत पाच वर्षं गेल्यावर.

मी बहुतेक खेळ गाडीत खेळले. राहायला डोंबिवलीत. सकाळी उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब, पण संध्याकाळी परळहून सुटणारी कल्याण लोकल गाठली तर लेडीज डब्यात बसायला मिळतं. स्विचचं बटण दाबलं की खेळ आहे तिथे झोपतो, पुन्हा दाबलं की तिथूनच उठतो. त्यामुळे कुर्ल्याला एक चाल, घाटकोपरला एक चाल असं चालायचं. अक्षर फार बारीक आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. हातात धरून खेळणार असाल आणि चष्मा असेल तर पहिले काही दिवस डोळे दुखतात.

क्लासिकची भीती बाळगणाऱ्यांना एक सांगायचंय. हा गेम दयाळू आहे. सोथिस नावाची एक गूढ मुलगी आपल्याला वेळ मागे नेऊ देते, या शक्तीला डिव्हाइन पल्स म्हणतात. सुरुवातीला एका लढाईत तीनदा. पुढे मठातल्या संतांच्या पुतळ्यांची डागडुजी केली की ती संख्या वाढते. कुणी पडलं तर दोन चाली मागे जा आणि दुसरं काही करून बघा. दुसरंच करावं लागतं, कारण तीच चाल त्याच क्रमाने केलीत तर निकालही तोच येतो. शत्रू कुणावर धावून येणार आहे याच्या रेषासुद्धा आधीच पडद्यावर दिसतात. शिवाय नॉर्मलमध्ये सरावाच्या लढाया हव्या तितक्या खेळता येतात. इतकं सगळं हाताशी असताना भिडू गेला, तर तो बहुधा आपल्या हातून गेलेला असतो. माझ्यासाठी हीच या गेमची सगळ्यात मोठी ताकद ठरली, आणि ती मला जुलैमध्ये कळली.

(पुढचे काही परिच्छेद कथेतलं बरंच उघड करतात. ज्यांना खेळायचंय त्यांनी इथेच थांबावं.)

सातव्या अध्यायात ग्रॉन्डरच्या मैदानावर तिन्ही तुकड्यांची लुटुपुटूची लढाई होते. मध्ये टेकडी, टेकडीवर बॅलिस्टा म्हणजे लांबवर बाण फेकणारं यंत्र, तीन बाजूंनी तीन वर्ग. त्या दिवशी कुणी मरत नाही, हरलेला नुसता मैदानाबाहेर जातो. संध्याकाळी सगळे एकत्र बसून जेवतात. मग पहिला भाग संपतो, पाच वर्षं जातात, युद्ध पेटतं, आणि सतराव्या अध्यायात गेम आपल्याला पुन्हा त्याच मैदानावर आणून उभं करतो. तीच टेकडी, तेच तीन तुकड्यांचे प्रमुख, आता प्रत्येकाच्या मागे सैन्य. या वेळी टेकडी पेटते.

त्या दिवशी पाऊस लागला होता आणि आमची गाडी सायनच्या पुढे बराच वेळ उभी होती. मी इन्ग्रिडला तिच्या उडत्या घोड्यावरून फार पुढे नेलं. उडणाऱ्यांवर धनुष्याचा जोर तिप्पट होतो हे मला पाठ होतं, तरी बॅलिस्टाचा पल्ला मोजायला चुकले. वेळ मागे घेतली. मग अ‍ॅश एकटा सापडला, पुन्हा मागे. असं करत करत सगळे पल्स संपले. अ‍ॅनेटला मी एका चिलखती सैनिकासमोर उभं केलं, कारण चिलखतावर जादूच चालते. तिच्यावर येणारी एक रेषा दिसत होती. मी हिशोब केला: एक घाव तिला सोसवतो.

पण तो घाव दोनदा बसला. हल्ला करणाऱ्याचा वेग समोरच्यापेक्षा चार किंवा जास्त असला की तो एकाच वेळी दोनदा मारतो, हा नियम मला माहीत होता. वेग मोजताना हातातल्या आणि अंगावरच्या वस्तूंचं वजन वजा होतं, आणि ताकद कमी असली तर ते जास्त जाणवतं, हेही माहीत होतं. गेल्याच रविवारी मी तिला पोलादी ढाल दिली होती. पोरगी नाजूक आहे, तिला काही होऊ नये म्हणून. त्या ढालीच्या वजनाने तीनचा फरक चार झाला.

ती दोन वाक्यं बोलली आणि गेली. मी स्विच बंद केलं. शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं, “काय गं, हरलीस का?” मी मान हलवली. त्या म्हणाल्या, “मग परत खेळ. गाडी कुठे जातेय आत्ता.”

परत खेळता आलं असतं. लढाईच्या आधीचं सेव्ह होतं. भावाने रात्री फोनवर तेच सांगितलं, “ताई, रीसेट कर ना, सगळेच करतात.” त्याच्याशी माझा तिथे खरा मतभेद आहे. तो कॅज्युअल खेळतो आणि त्याला गोष्ट बघायची असते, त्यात काही वाईट नाही. पण क्लासिक घेऊन प्रत्येक मरणाला रीसेट करणं म्हणजे कॅज्युअलच, फक्त जास्त वेळ घालवून. ढाल मी दिली होती. मी ती लढाई तशीच पुढे नेली आणि जिंकले.

पुढच्या रविवारी मठात गेले तर अ‍ॅनेट जिथे उभी असायची ती जागा रिकामी होती. शिकवण्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं. फेलिक्सच्या पानावर तिच्या नावापुढे बी तसाच राहिला, पुढचं कुलूप कधी उघडणार नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी घेताना एक मुलगी गैरहजर होती, नुसता ताप होता, तरी मी मधल्या सुट्टीत तिच्या घरी फोन केला.

इथेच माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. गेम रिकामी जागा दाखवतो, पण तिच्याबद्दल बोलत नाही. फेलिक्स त्या महिन्यात युद्धाबद्दल बोलला, अ‍ॅनेटबद्दल एक शब्द नाही. मुख्य कथा अशी लिहिली आहे की कोण जिवंत आहे आणि कोण नाही याने तिचं फारसं अडत नाही. इतके संवाद लिहिणाऱ्यांनी वर्गातल्या मुलांसाठी आणखी चार ओळी लिहायला हव्या होत्या. मर्सिडीज तर तिची जिवाभावाची मैत्रीण. ती काय म्हणाली असती, हे मी कितीतरी दिवस मनात जुळवत होते.

दुसरी तक्रार डेड्यूची. दिमित्रीचा हा निष्ठावान सोबती पाच वर्षांच्या काळात दिमित्रीला वाचवताना मेला असं कळतं. तो प्रत्यक्षात परत येऊ शकतो, पण पहिल्या भागात त्याची जोडकथा, म्हणजे मुख्य कथेबाहेरची ऐच्छिक लढाई, पूर्ण केली असेल तरच. मी ती केली नव्हती, कारण त्या महिन्यात वेळ दुसऱ्यांना दिला. हे सगळं मला पहिली खेप संपल्यावर समजलं. अ‍ॅनेटचं मरण मला मान्य आहे, डेड्यूचं नाही. पहिल्यात सगळी माहिती पडद्यावर होती. दुसऱ्यात एक दार होतं आणि ते दार आहे हेच कुणी सांगितलं नाही. तुम्ही ब्लू लायन्स घेणार असाल तर त्याची जोडकथा सोडू नका.

बाकीचं थोडक्यात. दिमित्रीची कथा उत्तम आहे. पाच वर्षांनी भेटणारा दिमित्री बघून मी अक्षरशः घाबरले, आणि त्याला तिथून परत आणण्याचा प्रवास लेखकांनी घाई न करता लिहिला आहे. संगीत सुंदर. जपानी आवाज ठेवून खेळलात तर मुलं ‘सेन्सेई’ म्हणून हाक मारतात, ते मला जास्त जवळचं वाटलं. चित्रं साधारण. नॉर्मल अवघडपणा उत्तरार्धात सोपा पडतो, दुसऱ्या खेपेला हार्ड घ्या. मॅडनिंग नावाचा त्याहून कठीण पर्याय नंतर आला, त्याच्या वाटेला मी गेले नाही. मठातले रविवार पहिल्या खेपेला गोड वाटतात, दुसऱ्या खेपेला कामाची यादी होतात, विशेषतः मासेमारी. तुकडी बदलली तरी पहिला भाग बराचसा तोच राहतो आणि जोडकथांमध्ये तेच नकाशे पुन्हा येतात. ज्यांना एकदाच खेळायचंय त्यांना हे जाणवणार नाही.

मी दुसऱ्यांदा खेळले त्याचं कारण अ‍ॅनेटच. गणपतीनंतर नव्याने सुरू केला, क्लॉडची गोल्डन डीअर तुकडी घेतली. दुसऱ्या तुकडीतली बहुतेक मुलं पहिला भाग संपायच्या आत आपल्याकडे वळवता येतात, पण त्यांना हवं असलेलं कौशल्य आधी आपल्यात असावं लागतं. अ‍ॅनेटसाठी जादू आणि श्रद्धाविद्या, फेलिक्ससाठी तलवार आणि वेग. मी दोन्ही शिकले. इतर मुलांचे तास त्यासाठी कापावे लागले आणि लॉरेन्झ पूर्ण वेळ मागे पडला, ते मनाला लागलं. पण दोघं आली.

ग्रॉन्डर पुन्हा आलंच. त्या दिवशी मी गाडीत खेळले नाही, घरी रात्री जेवण झाल्यावर बसले, भाऊही आला होता. समोर या खेपेला दिमित्री शत्रू म्हणून होता. पहिल्या खेपेला ज्याला सावरलं त्याच्याशी लढताना हात जड झाले. प्रत्येक चालीआधी मी अ‍ॅनेटवर येणाऱ्या रेषा मोजत होते, एक नाही, सगळ्या. भाऊ दोनदा म्हणाला, “ताई, किती वेळ.” एक पल्स शिल्लक ठेवून लढाई संपली.

दोन रविवारांनी फेलिक्स आणि अ‍ॅनेटचा ए उघडला. त्यात काय होतं ते इथे लिहीत नाही. भाऊ तेव्हा झोपला होता, मी आवाज बारीक करून दोनदा बघितला. अ‍ॅनेटच्या सामानात त्या वेळी जादूची अंगठी होती, औषधं होती. पोलादी ढाल कोठारात होती, ती मी या खेपेला कुणालाच दिली नाही.