सव्वा किलोचा टेंट १,९९९ रुपयांत: रायडर मंडळींनो, पैसे भरण्याआधी वाचा

धुक्यात उभी मोटरसायकल, शेजारी नारिंगी टेंट, त्यावर ठळक अक्षरांत ‘२ माणसं, १.२ किलो, १०० टक्के वॉटरप्रूफ, अ‍ॅल्युमिनियम पोल, फक्त १,९९९, ऑफर आज रात्री १२ पर्यंत’. पावसाळी राइड्सचे बेत सुरू झाले की अशा जाहिराती फोनवर दिसू लागतात, आणि टूरिंगला नुकती लागलेली मंडळी हमखास सापडतात. यातली मेख अशी की वजन बहुतेक वेळा खरंच असतं. काट्याला अडकवला तर टेंट १.२ नाहीतर १.३ किलो भरतो. हे वजन गाठायला त्यातून काय काय गाळलंय ते सांगत नाहीत, खरी फसवणूक तिथे आहे.

हिशेब करून बघा. दोन माणसांच्या डबल लेयर डोम टेंटला बाहेरचा फ्लाय (पाऊस अडवणारं आवरण), आतला इनर (झोपायचा भाग) आणि तळ मिळून साधारण १५ चौरस मीटर कापड लागतं. स्वस्तात मिळणारं १९० टी पॉलिएस्टर (टी म्हणजे विणीतल्या धाग्यांची संख्या) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच्या पाणी अडवणाऱ्या, कोटिंगसकट चौरस मीटरला ७०-८० ग्रॅम भरतं. म्हणजे नुसतं कापडच सव्वा किलोच्या घरात गेलं. त्यात फायबरचे पोल पाऊण किलो, डझनभर खुंट्या दीडशे ग्रॅम, दोऱ्या, चेन आणि पिशवी मिळून पावशेर. सव्वादोन-अडीच किलोच्या खाली हे उतरतच नाही. हाच टेंट दीड किलोवर आणायचा तर २० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) सिलिकॉन कोटेड नायलॉन आणि खरे अ‍ॅल्युमिनियम पोल हवेत, आणि तो माल दोन हजारांत कोणीही देत नाही. आता उलट करा. फ्लाय काढून टाका, कापड नऊ चौरस मीटरवर येतं, पोल बारीक करा. बरोबर १.२ किलो.

पार्सलातून निघतंही तेच. पातळ नाडीची पिशवी, आत एकपदरी निळं-नारिंगी कापड, माथ्यावर जाळीचा तुकडा आणि तो झाकायला चार हुकांची ‘रेन कॅप’. फोटोतला फ्लाय जमिनीपर्यंत आलेला असतो, हातात आलेला कपाळावरच्या टिकलीएवढा. फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी चांगल्या टेंटचा उचललेला. ताण द्यायच्या दोऱ्या नाहीत, खुंट्या म्हणजे वाकवलेली तार. कापडाची शिवण उजेडासमोर धरली की सुईची भोकं ओळीने चमकताना दिसतात. चांगल्या टेंटच्या फ्लायला आतून प्रत्येक शिवणीवर बोटाएवढी रुंद पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. इथे ती शोधूनही सापडत नाही.

असा टेंट ताम्हिणीत किंवा माळशेजला जुलैत लावला तर पाणी तीन ठिकाणांहून येतं. तळाच्या कडेच्या शिवणीतून, दाराच्या चेनमधून (वर झडप नसते) आणि तिरप्या पावसात टोपीखालच्या जाळीतून. पाऊस नसला तरी सुटका नाही, कारण एकपदरी कोटेड कापडाला आतून श्वासाची वाफ धरते आणि पहाटे ती स्लीपिंग बॅगवर ठिबकते. ‘टेंट गळतो’ म्हणून तक्रार केली की विक्रेता ‘ते कंडेन्सेशन आहे, सगळ्याच टेंटमध्ये होतं’ असं ऐकवतो. अर्धं खरं आहे ते. डबल लेयरमध्येही वाफ धरते, पण फ्लायच्या आतल्या बाजूला, आणि ओघळून इनरच्या बाहेरून जमिनीवर जाते.

‘वॉटरप्रूफ ३००० मिमी’ हा आकडा छापायला पैसे पडत नाहीत. त्याचा अर्थ कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपू नये. फ्लायला १५०० ते २००० मिमी चालतं. तळाला ३००० तरी हवं, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की एकाच जागी दाब येतो. घरी मोजता येत नाही, पण खोटं पकडता येतं. कापड ओठांना घट्ट लावून फुंका. हवा आरपार गेली तर कोटिंगच नाही. मग फ्लायचा शिवणीचा भाग बादलीवर खोलगट पसरून त्यात लिटरभर पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. शिवणीखाली थेंब लोंबले तर टेंट परत.

पोलची लबाडी जास्त सफाईदार असते. फायबरग्लासच्या काडीला करडा किंवा चंदेरी रंग देतात, जोडावरची नळी तेवढी धातूची असते आणि जाहिरातीत लिहितात ‘मेटल अलॉय पोल’. लोहचुंबकाने काही कळत नाही, तो अ‍ॅल्युमिनियमलाही चिकटत नाही आणि फायबरलाही. पोलचं टोक बघा. अ‍ॅल्युमिनियमची नळी पातळ भिंतीची आणि आत ऐसपैस पोकळ असते. फायबरची भिंत जाड, मधे इलॅस्टिकपुरतं भोक, आणि कापलेल्या कडेला पांढरट तंतू. त्यावरून उघडा हात फिरवू नका, बारीक कुसळं घुसतात. कोकणच्या किनाऱ्यावर वारा सुटला की अ‍ॅल्युमिनियम वाकतं आणि नळीचा तुकडा चढवून रात्र निभावता येते. फायबर उभं चिरतं आणि चिरलेलं टोक कापड फाडून बाहेर येतं.

मोटरसायकलवाल्याला आणखी एक आकडा वजनापेक्षा महत्त्वाचा, आणि तोच जाहिरातीत नसतो: घडी केल्यावरची लांबी. ती ठरते पोलच्या एका तुकड्यावर. स्वस्त फायबर पोलचे तुकडे ६०-६५ सेंमीचे असतात, तर बऱ्याच सॅडलबॅगांत (बाइकच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत) ४०-४५ सेंमीच्या वर काही मावत नाही. मग टेंट मागच्या सीटवर आडवा बांधायचा. तिथून तो हळूहळू सरकतो आणि पिशवीचं टोक सायलेन्सरला टेकलं की कापड वितळून चिकटतं. अर्धा किलो वजन जास्त असलं तर बाइकला फरक पडत नाही. पाठीवर ओझं वाहणारा ट्रेकर ग्रॅम मोजतो, रायडरने सेंटिमीटर मोजावेत. ‘अल्ट्रालाइट’च्या नावाखाली आपल्याला जे विकलं जातं त्यातलं निम्मं आपल्या कामाचं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याचं ठळक उदाहरण म्हणजे ९०० ग्रॅमचा ट्रेकिंग पोल टेंट. यात पोल येतच नाहीत, चालताना वापरायच्या काठ्यांवर तो उभा करायचा असतो. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘पोल वेगळे’ लिहिलं असेल तर नशीब. शिवाय तो सगळा खुंट्यांच्या ताणावर उभा राहतो, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) जांभ्यात खुंटी जात नाही. खुंट्यांशिवाय स्वतःच्या पोलवर उभा राहणारा टेंटच घ्या. त्याचीही कातळावर दगडांना दोरी बांधून सोय करावी लागते.

नावाजलेल्या मालातही एक खोड असते. वजन दोन प्रकारे सांगतात. ‘मिनिमम’ किंवा ‘ट्रेल’ वजनात फक्त इनर, फ्लाय आणि पोल. खुंट्या, दोऱ्या, पिशवी धरून होतं ते ‘पॅक्ड’ वजन, आणि दोन-तीनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. याला फसवणूक म्हणणार नाही, पण दोन टेंटची तुलना करताना एकाचं हे आणि दुसऱ्याचं ते धरलं तर फसगत होते. ‘दोन माणसांचा’ हेही तसंच. माणशी ६० सेंमी रुंदी धरलेली असते. जॅकेट, बूट, हेल्मेट आत घ्यायचं तर एकट्यानेही दोन माणसांचाच घ्यावा आणि दारापुढे फ्लायचा आडोसा आहे का ते बघावं.

‘क्लिअरन्स सेल, ६० टक्के सूट’ दिसली तर आधी नाक वापरा. पीयू कोटिंग दमट गोदामात वर्षानुवर्षं घडीत पडलं की कुजतं. पिशवी उघडताच आंबूस वास येतो, कापड कापडाला चिकटतं, शिवणीवरची पट्टी नखाने सोलून निघते. असा टेंट दिसायला कोरा असतो आणि पहिल्याच पावसात चाळण होतो. कोटिंग सुटायला लागल्यावर त्याची दुरुस्ती करत बसण्यात अर्थ नसतो. लेबलावर उत्पादन किंवा आयातीचा महिना-वर्ष, आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश छापलेला असायला हवा. लेबलच नसेल तर माल कुठून आणि कधी आला हे कोणालाच विचारता येणार नाही.

सोशल मीडियावरून घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी मागवा: काट्यावर लटकवलेल्या टेंटचा व्हिडिओ, पोलच्या टोकाचा जवळून फोटो, फ्लाय उलटा करून शिवणीचा फोटो. खरा दुकानदार पाच मिनिटांत पाठवतो. कॅटलॉगचे फोटो पुन्हा आले तर तिथेच थांबा. कॅश ऑन डिलिव्हरीवर विसंबू नका. खोकं उघडायच्या आधी पैसे घेतले जातात आणि कुरिअरवाला माल परत घेत नाही. खोकं फोडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून अखंड व्हिडिओ काढा आणि टेंट राइडवर नेण्याआधी गच्चीवर लावून बघा.

‘नो रिटर्न, नो रिफंड’ लिहिलं म्हणून गप्प बसायचं कारण नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा, कारण ती नंतर गायब होते. आधी लेखी तक्रार विक्रेत्याला, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत जायचं आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पेजच गायब झालं असेल तर तो सायबर गुन्हा. यूपीआयचा यूटीआर (व्यवहाराचा) नंबर हाताशी ठेवून लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

त्यानंतर काही दिवसांनी ‘रिफंड विभागातून’ फोन येऊ शकतो. क्यूआर पाठवतात, ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ म्हणतात. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की उरलेलेही जातात.