कानशिलांतील फिलर : विकले एक, टोचले दुसरेच

कानशिलांतील खोलगटपणा भरून काढण्यासाठी मी ज्या ठिकाणी उपचार घेतला, तेथे माझ्याकडून पैसे हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या फिलरचे, म्हणजे खोलगट जागा भरण्यासाठी त्वचेखाली टोचायच्या जेलचे, घेण्यात आले आणि त्वचेखाली मात्र भलताच पदार्थ टोचण्यात आला. या दोन पदार्थांच्या किमतीत फरक आहेच, पण खरा फरक दुसरीकडे आहे. हायलुरॉनिक अ‍ॅसिडची जेल चुकीच्या जागी गेली किंवा नकोशी झाली, तर हायलुरोनिडेज नावाचे विकर टोचून ती विरघळवता येते. सिलिकॉन, पीएमएमए (अ‍ॅक्रिलिकचे सूक्ष्म गोळे) किंवा कॅल्शियम हायड्रॉक्सिलअ‍ॅपटाइट या फिलरच्या इतर पदार्थांवर त्या विकराचा काडीइतकाही परिणाम होत नाही. ‘आवडले नाही तर विरघळवून टाकू’ हे वाक्य मला पहिल्या भेटीपासून पैसे भरेपर्यंत इतक्या वेळा ऐकवण्यात आले, की पुढे जे घडले त्यावरून ते वाक्य म्हणजेच त्यांचा मुख्य माल होता, असे माझे मत झाले आहे.

उपचारात मुळातच काही खोट आहे असे माझे म्हणणे नाही. भुवईच्या बाहेरच्या टोकापासून केसांच्या रेषेपर्यंतचा भाग वयोमानाने किंवा वजन झपाट्याने उतरल्यावर आत जातो. तेथील चरबी कमी होते, चावण्याचा स्नायू बारीक होतो आणि खालचे हाडही थोडेफार झिजते. त्यामुळे भुवईची शेपटी उतरल्यासारखी आणि चेहरा ओढल्यासारखा दिसतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुव्हेडर्म व्होल्युमा एक्ससी या हायलुरॉनिक अ‍ॅसिड फिलरला खास कानशिलांच्या खोलगटपणासाठी मान्यता दिली. मलाही याच मान्यतेचा दाखला देण्यात आला होता. मान्यता एका विशिष्ट उत्पादनाला असते, ‘फिलर’ या सगळ्या जातीला नसते, हा मुद्दा मात्र त्या बोलण्यातून सोयीस्करपणे वगळलेला होता.

तेथे प्रथम भेटलेली व्यक्ती डॉक्टर नव्हती. ती ‘सल्लागार’ होती. तिने डोक्यावरच्या एकाच दिव्याखाली माझा फोटो काढला. असा प्रकाश वरून पडला की कोणाच्याही कानशिलांत सावली साचते आणि धडधाकट माणूसही आजारी दिसतो. उपचारानंतरचे जे नमुना फोटो दाखवले गेले, ते समोरून येणाऱ्या मऊ प्रकाशात काढलेले होते. ‘सर, आज नक्की केलंत तरच ही सवलत लागू होईल, उद्या सिस्टीमच घेणार नाही,’ असे सांगून पूर्ण रक्कम आगाऊ भरून घेण्यात आली आणि संमतीपत्र त्यानंतर, मी टेबलावर आडवा झालेला असताना, माझ्या हातात ठेवण्यात आले. त्या पत्रात पदार्थाचे नाव नव्हते. ‘डर्मल फिलर’ एवढेच दोन शब्द होते.

फसवणुकीचा गाभा त्यानंतरच्या काही मिनिटांत आहे, म्हणून तो तपशिलाने सांगतो. ट्रेमध्ये सिरिंज आधीच भरून ठेवलेल्या होत्या. त्या साध्या प्लास्टिकच्या होत्या, कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात तशा, आणि त्यांच्यावर मोजमापाच्या रेघांपलीकडे काहीही छापलेले नव्हते. आतला पदार्थ दुधट, किंचित गढूळ होता. मी डबा दाखवा म्हटले, तेव्हा निर्जंतुकतेसाठी डबे आतल्या खोलीतच फोडावे लागतात, असे उत्तर मिळाले. रंगाबद्दल विचारले, तेव्हा फ्रिजमधून नुकतेच काढल्यामुळे तसे दिसते, असे सांगण्यात आले. ही दोन्ही उत्तरे खोटी आहेत. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचे फिलर कंपनीतूनच भरलेल्या सिरिंजमध्ये, सीलबंद निर्जंतुक वेष्टनात येते; ते वेष्टन रुग्णासमोर आणि टोचण्याच्या वेळीच उघडायचे असते, आणि निर्जंतुकतेचा मुद्दा असेल तर तो नेमका याच पद्धतीच्या बाजूने आहे. ही जेल पाण्यासारखी नितळ असते. ती साठवण्यासाठी सहसा फ्रिज लागत नाही आणि थंड केली तरी ती दुधट होत नाही.

ज्यांनी टोचले ते ‘डॉक्टर’ म्हणून ओळखले जात होते. वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीपटात त्यांचे नाव कोठेही नाही, हे मला नंतर तक्रारीच्या निमित्ताने कळले. ही पडताळणी कोणालाही करता येते, आणि नोंदणी क्रमांक विचारल्यावर समोरचा माणूस भिंतीवरच्या चौकटींकडे बोट दाखवू लागला तर तेवढ्यावरून काय ते समजावे. त्या भिंतीवर एक-दोन दिवसांच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रे सोनेरी चौकटीत लावलेली असतात.

नोंदणी नसलेल्या हाताने कानशिलात सुई घालणे किती धोक्याचे आहे, याची कल्पना मला दुसऱ्या तज्ज्ञांनी दिली. कानापुढे बोट ठेवले की जी नाडी लागते, ती वरवरच्या कानशील धमनीची. तिची कपाळाकडे जाणारी शाखा भुवईजवळच्या रक्तवाहिन्यांना मिळते आणि त्या वाहिन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. सुईचे टोक धमनीत शिरले आणि पदार्थ जोराने ढकलला गेला, तर तो उलट्या दिशेने सरकून दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद करू शकतो. मग दृष्टी वाचवण्यासाठी हातात दीड तासाच्या आसपासच वेळ असतो आणि तेवढ्यात उपचार झाले तरी ती परत येईलच असे नाही. गालाच्या कमानीच्या वर साधारण २ सेंटिमीटर अंतरावरून एक मोठी शीरही जाते. तिच्यात पदार्थ गेल्यास तो फुप्फुसापर्यंत पोहोचल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. टोचताना अचानक तीव्र वेदना झाली, त्वचा पांढरी पडली किंवा तिच्यावर जाळीदार जांभळे डाग उमटले, डोळ्यासमोर अंधारी आली किंवा डोळा दुखू लागला, तर त्या ठिकाणच्या फोनची वाट न पाहता थेट नेत्रविभाग असलेल्या रुग्णालयात जावे. माझ्या बाबतीत यातले काही घडले नाही, हे केवळ नशीब. त्या खोलीत हायलुरोनिडेजची कुपी तरी होती का, हे विचारल्यावर ‘लागलं तर मागवू’ असे उत्तर आले होते. आणि ती असती तरी टोचलेल्या पदार्थावर तिचा उपयोग शून्य होता, हे त्यांना ठाऊक होते.

पावतीवर चार सिरिंज लावलेल्या होत्या. हायलुरॉनिक फिलरची एक सिरिंज साधारणपणे १ मिलिलिटरची असते. औषधाच्या ५ मिलिलिटरच्या चमच्याचा तो पाचवा हिस्सा. प्रत्येक बाजूला दोन सिरिंज हे प्रमाण कानशिलांसाठी असंभवनीय नाही, त्यामुळे आकडा पाहून संशय येण्याचे कारण नव्हते. उपचार संपताच आरशात दोन्ही बाजू भरलेल्या दिसल्या आणि लगेच ‘नंतरचा’ फोटो काढण्यात आला. त्या फोटोवर विश्वास ठेवू नये. सुईमुळे येणारी सूज, भूल देण्याचे द्रव आणि काही ठिकाणी तर मुद्दाम मिसळलेले सलाईन या सगळ्यांचा तो फुगवटा असतो. खरा परिणाम सूज उतरल्यावरच कळतो. चावताना जबडा दुखणे हे मात्र सुरुवातीला स्वाभाविक असते, कारण सुई चावण्याच्या स्नायूतून जाते. तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबर होते.

सूज उतरली तशी डावी बाजू पुन्हा खोल दिसू लागली आणि उजवीकडे भुवईच्या शेवटापाशी हरभऱ्याएवढी टणक गाठ हाताला लागू लागली. चष्म्याची काडी नेमकी तिच्यावर टेकते, त्यामुळे चष्मा नाकावर तिरका बसतो आणि संध्याकाळपर्यंत ती जागा हुळहुळते. मी विरघळवण्याची मागणी केली तेव्हा तो ‘स्वतंत्र उपचार’ असल्याचे सांगून त्याचे वेगळे पैसे घेण्यात आले. दोनदा विकर टोचूनही गाठ तसूभर हलली नाही. हायलुरॉनिक अ‍ॅसिड असते तर पुरेशा मात्रेने ती एक-दोन दिवसांत बहुधा मऊ पडली असती. तेथे मात्र मला माझे शरीरच ‘रेझिस्टंट’ असल्याचे सांगण्यात आले. पैसे घेऊनही काम झाले नाही तर दोष ग्राहकाच्या शरीराला द्यायचा, ही युक्ती मला या सगळ्या प्रकारात सर्वांत निर्लज्ज वाटली.

यानंतर मी एका नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो आणि त्यांनी उच्च वारंवारतेची सोनोग्राफी करवून घेतली. त्वचेखाली कोणते फिलर आहे याचा बराचसा उलगडा या तपासणीत होतो, ही माहिती फार कमी जणांना असते. हायलुरॉनिक अ‍ॅसिड पडद्यावर काळ्या, स्वच्छ कडांच्या पोकळीसारखे दिसते. सिलिकॉन तेल असेल तर खालचे सगळे चित्र पांढऱ्या धुरकट पडद्याआड जाते. माझ्या कानशिलात चमकदार ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यामागे आखूड उजळ रेघ दिसत होती, ज्याला तज्ज्ञ धूमकेतूची शेपटी म्हणतात. ही खूण पीएमएमएकडे, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या सूक्ष्म गोळ्यांकडे निर्देश करते. हे गोळे शरीरात विरत नाहीत. ज्या जेलमधून ते टोचले जातात ती जेल शोषली जाते आणि गोळे कायम राहतात. त्यांच्याभोवती काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, दाहाच्या गाठी धरू शकतात. गाठ कापून काढावी, तर भुवई उचलणाऱ्या चेहऱ्याच्या मज्जातंतूची शाखा त्याच परिसरातून जाते आणि तिला इजा झाल्यास ती भुवई कायमची खाली लोंबू शकते. म्हणून सध्या गाठीत ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची मोजकी इंजेक्शने देऊन ती आटोक्यात ठेवण्याचा मार्ग त्यांनी निवडला आहे. मूळ खोलगटपणावर दुसरे काही टोचण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला, आणि तो नकार मला पहिल्या ठिकाणच्या सगळ्या गोड बोलण्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटला.

खऱ्या फिलरच्या डब्यात लॉट क्रमांकाचे, म्हणजे ते उत्पादन कोणत्या खेपेतले आहे हे सांगणारे, चिकटपत्र असते. ते रुग्णाच्या नोंदीवर लावायचे असते आणि त्याची एक प्रत रुग्णालाही मिळायला हवी. मी लेखी मागणी केल्यावर मला एक चिकटपत्र पाठवण्यात आले, पण चार सिरिंजसाठी एकच. त्यावरील क्रमांक उत्पादक कंपनीला कळवून चौकशी केली, तेव्हा तो लॉट ओठांसाठी वापरल्या जाणाऱ्या पातळ जेलचा असल्याचे उत्तर आले. बहुधा दुसऱ्या कोणाच्या डब्यातले चिकटपत्र काढून माझ्या हातावर टेकवण्यात आले होते. तसे असेल, तर त्या व्यक्तीला आपल्या ओठांत काय आहे याचा पुरावाच उरलेला नाही. यापुढे कोणी असा उपचार घेणार असेल, तर सीलबंद डबा आपल्यासमोर उघडून घ्यावा, डब्यावरील नाव, लॉट क्रमांक आणि मुदत यांचा सिरिंजसह एकत्र फोटो काढावा, प्रत्येक सिरिंजचे वेगळे चिकटपत्र त्याच वेळी घ्यावे आणि पावतीवर ‘फेशियल पॅकेज’ यासारखे गुळगुळीत शब्द न स्वीकारता उत्पादनाचे पूर्ण नाव व सिरिंजची संख्या लिहून घ्यावी. यातल्या कोणत्याही गोष्टीला नकार मिळाला तर उठून यावे. प्रामाणिक डॉक्टरला यात काहीच अडचण नसते, उलट त्यालाही नोंदीसाठी हेच सगळे लागते.

पैसे परत मागितल्यावर आधी इतर उपचारांसाठी वापरता येईल असे ‘क्रेडिट’ देऊ करण्यात आले. वैद्यकीय परिषदेकडे तक्रार जाणार असे दिसताच निम्मी रक्कम परत करण्याची तयारी दाखवून एक तडजोडपत्र पाठवण्यात आले. त्यात मी कोठेही तक्रार करणार नाही आणि या विषयावर लिहिणार नाही, अशी अट होती. ते पत्र मी सही न करता ठेवून घेतले, कारण घाईघाईत तयार केलेल्या त्या मजकुरात, पावतीवर ज्याला हायलुरॉनिक अ‍ॅसिड म्हटले होते, त्याच उपचाराचा उल्लेख ‘कायमस्वरूपी फिलर’ असा झालेला आहे. पावती, सोनोग्राफीचा अहवाल, कंपनीचे उत्तर आणि हे पत्र अशी चारही कागदपत्रे तक्रारीसोबत जोडली असून तिची सुनावणी अजून व्हायची आहे.