ड्रायव्हर लागतो म्हणे! मेकॅनिकल कीबोर्ड-माउस कॉम्बो, तीन महिने वापरून

बॉक्सवर ठळक अक्षरात "आधी ड्रायव्हर डाउनलोड करा", आत क्यूआर कोडची चिठ्ठी, आणि मी कीबोर्ड नुसता पोर्टात खुपसला तर टायपिंग लगेच चालू. मग ड्रायव्हर (म्हणजे डिव्हाइस चालवायला कॉम्प्युटरला लागणारं सॉफ्टवेअर) कसला?

तर कसंय, कीबोर्ड-माउस-जॉयस्टिक असल्या वस्तूंसाठी यूएसबीमधे एचआयडी (ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस) नावाचा क्लास, म्हणजे एक ठराविक प्रकार, आधीच ठरलेला आहे. वायर लावली की डिव्हाइस स्वतःच सांगतं की मी कोण, माझा डेटा कसा येणार, कुठल्या बिटात कुठलं बटण, आणि ते वाचून विंडोज काय लिनक्स काय आपापला जेनेरिक ड्रायव्हर लावून मोकळे होतात. कंपनी ज्याला ड्रायव्हर म्हणते ते खरं तर लाइट आणि मॅक्रो (एका बटणावर बऱ्याच बटणांचं काम) सेट करायचं सॉफ्टवेअर आहे, तेही रटाळ, स्टार्टअपला येऊन बसतं आणि रोज अपडेट मागतं. लाइटचे रंग कीबोर्डच्याच मेमरीत सेव्ह होतात म्हणून मी एकदा सेट केले आणि ते अनइन्स्टॉल करून टाकलं, काही अडलं नाही.

मराठी टायपिंगचं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही हो, नंबर पाठवतो. ए च्या बटणाचा नंबर ४, इंग्रजी लेआउट असेल तर त्याचा ए होतो, इनस्क्रिप्ट हा मराठीचा लेआउट लावलं की त्याच ४ ची ओकाराची मात्रा होते. सगळं ऑपरेटिंग सिस्टिममधे, कीबोर्ड कुठलाही घ्या.

बटणं मस्त आहेत, आवाज जरा जास्त. बायोसमधेही (विंडोज-लिनक्स सुरू व्हायच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) चालतो, तिथे बूट प्रोटोकॉल नावाची साधी पद्धत असते, कीबोर्ड दर वेळी ८ बाइटचा रिपोर्ट पाठवतो, त्यात शिफ्ट-कंट्रोल सोडून एका वेळी ६ च बटणं मावतात. ही मर्यादा टाळायला हा पठ्ठ्या विंडोजला दोन-दोन कीबोर्ड म्हणून दिसतो, डिव्हाइस मॅनेजर बघून घाबरू नका.

आता माझी खरी तक्रार. लिनक्सवर एफ२ दाबून फाइलचं नाव बदलायला गेलो तर स्क्रीनचा ब्राइटनेस वाढला! एफ११ ने फुल स्क्रीन करायला गेलो तर आवाज कमी. अर्धा दिवस कीबोर्डला शिव्या घातल्या, केबल बदलली, पोर्ट बदलला, शेवटी एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवणारी कमांड) मारून बघितलं तर हा महाशय स्वतःला ऍपलचा कीबोर्ड म्हणवतोय. कंपनी-मॉडेल ओळखायचा आयडी नंबरच उसना घेतलाय! मग लिनक्स बिचारं इमानदारीत ऍपलवाला ड्रायव्हर लावणारच ना, आणि त्यात वरची रांग मीडिया बटणांची. मागचा मॅक-विंडोज स्विच सरकवूनही आयडी तोच राहतो. उपाय म्हणजे त्या ड्रायव्हरचं एफएनमोड हे सेटिंग २ करायचं, म्हणजे वरची रांग आधी एफ-बटणांची होते, आधी सिसएफएसमधे (चालू सिस्टिमची सेटिंग्ज फाइल्ससारखी दिसतात ती जागा) लिहून बघा, लगेच फरक पडतो, मग मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करणारं टूल) कॉन्फिगमधे तेच सेटिंग एका ओळीत टाकून इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) परत बनवा, नाहीतर रीबूटनंतर पुन्हा तेच रडगाणं. मॅन्युअलमधे यावर एक शब्द नाही, एक स्टार तिथेच कापला.

माउस बरा आहे. बॉक्सवर १००० हर्ट्झ लिहिलंय, म्हणजे कॉम्प्युटर दर १ मिलिसेकंदाला त्याला विचारतो की बाबा हललास का. यूएसबीमधे माउस आपणहून बोलत नाही, विचारल्यावरच सांगतो. १२५ हर्ट्झचा जुना माउस म्हणजे ८ मिलिसेकंद, ऑफिसच्या कामात मला तरी फरक कळला नाही, गेम खेळणाऱ्यांना कळत असेल. मधे तो दोन सेकंद हात काढला की झोपायचा, क्लिक केल्याशिवाय उठायचाच नाही, मी रिटर्न करायला पॅकसुद्धा केला होता. पण चूक माझी निघाली, लॅपटॉपची बॅटरी वाचवायला मी एका टूलने सगळ्या यूएसबीला ऑटोसस्पेंड (वापर नसला की आपोआप झोपवणं) लावून ठेवलं होतं. माउसपुरतं पॉवर कंट्रोल ऑटोवरून ऑन केलं, तेव्हापासून जागा आहे.

कीबोर्डला ३, माउसला ४. चिठ्ठीवरचा क्यूआर कोड स्कॅन करायच्या भानगडीत पडू नका.