अमिगावरचा बॅटमॅन द मूव्ही: बरेच महिने खेळल्यावर

दिवाळीपासून हा गेम चालू आहे, लॅपटॉपवर एफएस-यूएई (जुन्या अमिगा कॉम्प्युटरची नक्कल करणारा एमुलेटर) टाकून, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. गेम म्हणजे ओशनचा 1989 चा बॅटमॅन, त्याच वर्षीच्या टिम बर्टनच्या पिक्चरवरून काढलेला. ओशन मँचेस्टरची कंपनी, पिक्चरचे हक्क घ्यायचे आणि त्यावर गेम काढायचा हा त्यांचा ठरलेला धंदा, आणि असले गेम बऱ्याचदा टुकारच निघतात, पण हा नाही निघाला. अमिगा बनवणाऱ्या कमोडोरने तर तेव्हा ब्रिटनमध्ये अमिगा 500 च्या खोक्यातच हा गेम घालून विकला, बॅटमॅन पॅक म्हणून, आणि तो पॅक तुफान चालला.

आता मेन गोष्ट. ह्यात उडीच नाहीये! प्लॅटफॉर्म गेम आणि उडी नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी टीव्हीला लावायच्या कॅसेटवाल्या गेमवर सनसॉफ्टचा बॅटमॅन खेळलाय, तो भिंतीला पाय लावून टुणकन वर जायचा, तीच सवय घेऊन इथे आलात तर पाच मिनिटांत डोकं फिरेल. इथे जॉयस्टिकला बटन एकच, ते दाबून बाजूला ढकललं की बॅटरँग (बॅटमॅनचं फेकायचं हत्यार) सुटतो आणि दाबून वर किंवा तिरकं वर ढकललं की दोर. पहिली लेव्हल अ‍ॅक्सिस केमिकल्सची फॅक्टरी, वरून अ‍ॅसिडचे थेंब, पाइपातून गॅस, आणि समोर बंदूक घेऊन गुंड. खड्डा आला की तिरका दोर टाकायचा, तो वरच्या गर्डरला धरला की बॅटमॅन झोका घेत पलीकडे जातो, फक्त आपण एक पाऊल अलीकडे उभे असलो की दोर हवेत जाऊन परत येतो आणि तेवढ्यात गुंड गोळी घालून मोकळा. सुरुवातीला ह्याचा जाम वैताग येतो, पण एकदा का अंतराचा अंदाज बसला की उडीची आठवणसुद्धा येत नाही, आणि माझ्या मते गेमचा सगळा जीव ह्या दोरातच आहे.

एनर्जी दाखवायची पद्धत तर मला भारीच आवडली. खाली पॅनेलमध्ये बॅटमॅनचा चेहरा असतो, मार खात गेलं की त्या जागी हळूहळू जोकरचा हसरा चेहरा उमटत जातो. आकडे नाहीत, पट्टी नाही, अर्धा जोकर दिसला की आपोआप सांभाळून खेळायला लागतो माणूस.

दुसरी लेव्हल बॅटमोबाईलची, गाडी मागून दिसते, वळण आलं की खांबाला दोर मारून गाडी वळवायची, म्हणजे इथेपण दोरच. स्पीडचा फील अमिगावर मस्त आहे. तिसरी बॅटकेव्हमधली, एक कोडं, कुठल्या तीन वस्तू एकत्र आल्या की विष होतं ते वेळेत शोधायचं, एकदा जमलं की त्यात काही राम नाही. चौथीत बॅटविंग विमानाच्या पंखाने फुग्यांचे दोर कापायचे, फुग्यालाच धडकलात तर नुकसान आपलं. आणि पाचवी कॅथेड्रल, पुन्हा पहिल्यासारखा प्लॅटफॉर्म पण दुप्पट तापदायक, उंदीर काय, पायाखालून सुटणारी जमीन काय, वर घड्याळ पळतंय, आणि टोकाला जोकर.

तक्रार विचाराल तर एकच पण मोठी. सेव्ह नाही. सगळ्या लाइफ गेल्या की परत फॅक्टरीपासून सुरू, मग तुम्ही कॅथेड्रलच्या छतावर का पोचला असेनात. आज एमुलेटरमध्ये स्टेट सेव्ह करता येतं म्हणून चाललंय, नाहीतर मी कधीच सोडला असता. कमोडोर 64 आणि स्पेक्ट्रम ह्या अमिगाच्या आधीच्या घरगुती कॉम्प्युटरांवरपण हाच गेम आहे, पण त्यात गाडी आणि बॅटविंग कडेने दिसतात, मागून नाही. आपल्याकडे लायसन्सवर डीबी स्पेक्ट्रम प्लस निघालेला, त्यावर कोणी हा खेळलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, मला खरंच ऐकायचंय.

लावणाऱ्यांसाठी: मशीन ए500 निवडा, किकस्टार्ट 1.3 (अमिगा सुरू करणारा रॉम), आणि पाल 50 हर्ट्झ (युरोपातलं टीव्ही स्टँडर्ड) ठेवा, अमेरिकेतल्या 60 हर्ट्झच्या एनटीएससीवर म्युझिक आणि गेम दोन्ही पळत सुटतात, आणि मॅथ्यू कॅननचं म्युझिक असं घाईत ऐकणं म्हणजे पापच. हा रॉम नेटवरून फुकट उचलण्यापेक्षा अमिगा फॉरएव्हर हे पॅकेज विकत घ्या, त्यात तो कायदेशीर मिळतो. जॉयस्टिक बघून घ्या रे, मी ऑनलाइन एका सेलरकडून स्वस्तातला घेतला, दोन महिन्यांत तो तिरकं धरेनासा झाला, आणि ह्या गेममध्ये तिरकं गेलं की सगळंच गेलं. आता साध्या गेमपॅडच्या डी-पॅडवर खेळतो, उलट जास्त बरं जमतं.

आणि हो, चीट. टायटल स्क्रीनवर जे, ए आणि मग चार वेळा एम टाईप करायचं, स्क्रीन उलटा झाला की समजायचं लागला. मग लाइफ संपत नाहीत आणि एफ10 दाबलं की थेट पुढची लेव्हल. मी कॅथेड्रलची प्रॅक्टिस अशीच करतो, प्रत्येक वेळी ते विषाचं कोडं कोण सोडवत बसणार.