किडनी आणि इलेक्ट्रोलाइट्सची ब्लड टेस्ट घरून: बऱ्याच महिन्यांचा अनुभव

आईला शुगर आणि बीपी दोन्ही जुनं, वय ६८. मागच्या वर्षी क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा कचरा, जो किडनी बाहेर टाकते) १.२ आलं तेव्हापासून आरएफटी (किडनीच्या कामाची टेस्ट) आणि इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातले सोडियम, पोटॅशियमसारखे क्षार) नियमित करतोय, रक्त घ्यायला लॅबचा मुलगा घरी येतो. १.२ ऐकून नातेवाईक म्हणतात की एवढं काय, नॉर्मलच आहे, पण या वयाच्या बाईला १.२ म्हणजे ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ४९ च्या आसपास निघतो, आणि तो ६० च्या खाली तीन महिने राहिला की डॉक्टर क्रॉनिक किडनी डिसीज धरतात. तेच १.२ एखाद्या जिम करणाऱ्या तरुण पोराचं असेल तर बहुतेक काहीच नसतं. त्यामुळे रिपोर्ट आला की आधी ईजीएफआर बघा, आणि लॅबने तो दिलाच नसेल तर मागून घ्या.

टेस्टने खरा फायदा काय झाला ते सांगते. आईच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन होतं. टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवू शकतं आणि क्लोरथॅलिडोन सोडियम पाडू शकतं, म्हणून गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत टेस्ट करायला सांगतात. ऐन उन्हाळ्यात आई एकदम मलूल झाली, कशात लक्ष नाही, जेवण नको, सगळे म्हणत होते ऊन बाधलंय. सोडियम आलं १२९, पाहिजे १३५ ते १४५. डॉक्टरांनी क्लोरथॅलिडोन बंद करून गोळी बदलली, पुढच्या टेस्टला १३६, आणि आई परत पेपर वाचायला लागली. नुसतं क्रिएटिनिन केलं असतं तर हे कळलंच नसतं, म्हणून इलेक्ट्रोलाइट्स वगळून पैसे वाचवू नका असं मी सगळ्यांना सांगते.

आता घरून रक्त देण्यातली अडचण, आणि ही नीट वाचा. एकदा रात्री रिपोर्ट आला, पोटॅशियम ६.१. सहाच्या वर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांना धोका, रात्रीच हॉस्पिटल गाठलं, त्यांनी लगेच ईसीजी काढला, तो नॉर्मल, मग तिथेच नवीन रक्त घेतलं तर ४.६. डॉक्टरांनी समजावलं ते असं की पोटॅशियम बहुतेक सगळं पेशींच्या आत असतं, बाहेर रक्ताच्या पाण्यात अगदी थोडं, त्यामुळे सुई नीट लागली नाही, सिरिंजने जोरात ओढलं, दंडाचा पट्टा बराच वेळ बांधून ठेवला, वरून पेशंटला मूठ सारखी आवळ-उघड करायला लावली, की पोटॅशियम खोटंच वाढून येतं. आणि सॅम्पल पिशवीत घेऊन मुलगा दहा घरं फिरला आणि सीरम (पेशी काढल्यावर उरणारं रक्ताचं पाणी) वेगळं करायला तासन्‌तास गेले तरी तेच. फ्रिजमध्ये ठेवलं तर अजून वाईट, कारण गारव्यात पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. त्या लॅबने रिपोर्टवर सॅम्पल हिमोलाइज्ड (रक्तपेशी फुटलेलं) आहे एवढी एक ओळ लिहिली असती तरी आमची ती रात्र वाचली असती, याचा मला अजून राग आहे. लॅब बदलली.

नवीन लॅबचा मुलगा आधी पिवळ्या झाकणाची बाटली भरतो, जांभळी नंतर. जांभळ्या झाकणाच्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून जे ईडीटीए असतं त्यातच पोटॅशियम असतं, ते थोडंसं जरी पिवळ्या बाटलीत गेलं तरी पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम खाली दिसतं. आम्ही त्याच्या फेरीतलं शेवटचं घर मागून घेतलं, म्हणजे आमच्याकडून तो थेट लॅबला जातो. तेव्हापासून पोटॅशियम ४.४ ते ४.८ च्या मध्ये आहे, कधी उडी नाही. पण आकडा खरोखर जास्त आला तर सॅम्पलच खराब असेल म्हणून घरी बसून राहू नका, ईसीजी आणि रिपीट त्याच दिवशी.

लॅब मात्र एकच ठेवा. क्रिएटिनिन मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, एकीकडे १.२ आणि दुसरीकडे १.३५ आलं की महिनाभर झोप उडते आणि किडनी तिथेच असते. आदल्या रात्री मटण झालं असेल तरी क्रिएटिनिन थोडं वर येतं, म्हणून आम्ही टेस्टच्या आदल्या दिवशी साधं जेवतो. उपाशीपोटीची गरज फक्त सोबत फास्टिंग शुगर असेल तर.

या टेस्टमध्ये एक गोष्ट येत नाही, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन). शुगरवाल्यांच्या किडनीला इजा व्हायला लागली की बऱ्याचदा क्रिएटिनिन वाढायच्या आधी ते लघवीत दिसतं, म्हणून यूरिन एसीआर (लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण) वेगळी सांगून करून घ्या, ३० च्या खाली हवं. आईचं ८५ आलं होतं, आता औषधाने ५० पर्यंत उतरलंय.

आणि लो सोडियम मीठ बीपीला चांगलं म्हणून कोणी आणून देत असेल तर पुडा उलटून वाचा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन चालू आणि किडनी कमजोर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, आमच्या घरातून तो पुडा गेला, आणि शहाळ्याचं पाणीही आता रोज नाही, विचारूनच.