लीडरशिप कॉन्फरन्सला टीम न्यावी का? आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या सप्टेंबरात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीतले आम्ही सहा जण पुण्याला दोन दिवसांच्या लीडरशिप कॉन्फरन्सला जाऊन आलो. रावेर तालुक्यात आमचं केळीचं पॅकहाउस आहे. फी, गाडीभाडं, राहणं धरून 58 हजार गेले. परत आल्यावर जो तो विचारायचा, "काय शिकून आले भो?" तेव्हा जे तावातावाने सांगितलं, त्यातलं निम्मं आता आठवतही नाही. म्हणून मुद्दाम थांबलो. निर्यातीचा सीझन अंगावरून जाऊ दिला आणि आता मे संपता संपता लिहितोय.

आधी कुरकुर. अर्धी भाषणं इंग्रजीत, हॉल इतका गार की नाना (आमचे सगळ्यात ज्येष्ठ संचालक) कानाला रुमाल बांधून बसले. दुसऱ्या दिवशीची दुपार तर 'पुढचा कोर्स घ्या' यातच गेली. चहालाही कुपन. नाना म्हणाले, "आमच्या फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, नंदलाल बोसांनी बांबूचा मंडप सजवला. तिथं चहाला कुपन नसेल."

तिथून आणलेलं काय टिकलं नाही ते सांगतो. व्हिजनचा फ्लेक्स छापला, तो आता जनरेटरवर झाकायला आहे. स्वभावाच्या रंगांची चाचणी दिवाळीपर्यंत गंमत म्हणून चालली. 'मोकळा फीडबॅक' तर अंगाशी आला. गोल बसून एकमेकांना सुधारणा सांगायच्या, असं ठरलं. कटाईच्या मुकादमाला तीन जणांनी एकापाठोपाठ एक सुनावलं आणि तो चार दिवस आलाच नाही. त्याच्या घरी जाऊन चहा घ्यावा लागला. इथे चारचौघांत बोललेलं माणूस विसरत नाही; जे सांगायचं ते बांधावर, दोघांत. हे खरं तर आम्हाला कॉन्फरन्सला जायच्या आधीपासूनच ठाऊक होतं.

जे टिकलं, त्यात सगळ्यात स्वस्तात पडलं ते प्री-मॉर्टेम. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली पद्धत: काम सुरू व्हायच्या आधीच ते फसलं असं धरायचं आणि का फसलं ते प्रत्येकाने लिहायचं. जानेवारीत आम्ही 'मे संपला, सीझन बुडाला' असं धरून चिठ्ठ्या लिहिल्या. वादळ, कटाईची टोळी पळाली, भाव पडले, हे अपेक्षितच होतं. पण एका पोराने लिहिलं, 'लाइट गेली आणि जनरेटरचा माणूस लग्नाला गेला होता.' सगळे हसले. हसता हसताच आणखी दोघांना जनरेटर चालवायला शिकवलं. एप्रिलच्या लग्नतिथीला लाइट गेली, माणूस खरोखर वरातीत होता, आणि प्री-कूलिंग (कंटेनरमध्ये भरण्याआधी माल थंड करणं) मात्र चालू राहिलं.

आता मुख्य गोष्ट. एका सत्रात हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांच्या अभ्यासाबद्दल ऐकलं. हॉस्पिटलमधल्या ज्या टीम चांगल्या, त्यांच्याच चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. कारण ते जास्त चुकत होते असं नव्हे, तर ते चुका लपवत नव्हते. आमच्या मीटिंगा डोळ्यांसमोर आल्या. चेअरमन भाऊ आधी बोलणार, मग बाकीचे मान डोलावणार. परत आल्यावर एवढंच ठरवलं की वयाने लहान तो आधी बोलेल, भाऊ शेवटी. भाऊंना पहिला महिनाभर फार जड गेलं. तोंडात सुपारी धरून बसायचे.

सोबत टोयोटाच्या कारखान्यातली दोरीही उचलली: बिघाड दिसला की कोणीही कामगार ती ओढतो आणि वेळेत दुरुस्त झालं नाही तर लाइन थांबते. आम्ही पोळ्याला घेतलेली बैलाची पितळी घंटा केळी धुण्याच्या टाकीजवळ टांगली. पंपाच्या आवाजात ती ऐकूच येईना, मग जुन्या स्कूटरचा हॉर्न बसवला. दोन महिने कोणी हात लावला नाही.

मार्चमध्ये तो वाजला. फण्या धुणाऱ्या मावशींनी वाजवला. "माल झाडावरच जास्त पक्व झाला आहे, फणी हातात वेगळी लागते." ट्रॅक्टर कोणाच्या बागेतला? खुद्द भाऊंच्या. सुपरवायझर माझ्याकडे बघतोय, मी जमिनीकडे. भाऊ आले, काही बोलले नाहीत, नुसता चाकू मागितला. पाच-सहा केळी आडवी कापली. चारांचा गर आतून पिवळट. असं केळ वाटेतच पिकायला लागतं, त्यातून इथिलीन सुटतं आणि शेजारच्या हिरव्या मालालाही ते पिकवतं; मग 13-14 अंशांचा कंटेनरही वाचवत नाही. भाऊंनी चाकू पुसला आणि म्हणाले, "हा लोकल बाजारात टाका." लाइन 40 मिनिटं बंद राहिली आणि कंटेनर संध्याकाळऐवजी रात्री हलला.

सगळं गोड झालं असं समजू नका. पुढच्या आठवड्यात हॉर्न तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा काही निघालं नाही. सुपरवायझरने वायर काढून ठेवली. भाऊंनी ती परत जोडायला लावली. दोघांत अजून थोडी धुसफूस आहे. मजूर बायकांपैकी दोघी-तिघीच हॉर्नला हात लावतात, बाकीच्या जणी त्या फण्या धुणाऱ्या मावशींना खुणावतात. कापणारी टोळी बाहेरची, तिच्यापर्यंत तर यातलं काहीच पोचलेलं नाही.

तर न्यावी का टीम? सहा जण नेणं उधळपट्टी होती, आणि आम्ही सहाही जण ऑफिसात बसणारे होतो, ही त्याहून मोठी चूक. यंदा दोनच जण पाठवतोय. त्यातल्या एक टाकीवरच्या मावशी. त्यांची अट आहे: भाषण मराठीत असेल तरच हॉलमध्ये बसणार, नाहीतर पुण्यातल्या लेकीकडे जाऊन येणार.