एका ‘अँक्शस’साठी अख्खा तास, क्लास मस्तच
सदाशिव पेठेत संध्याकाळचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावलाय, दोन महिने झाले, फी वसूल आहे. परवा मॅडमनी अख्खा तास अँक्शस या एकाच शब्दावर घेतला. मी आजवर नुसता नर्व्हसच्या अर्थानेच वापरायचे, पण पुढे अबाउट आलं तर जिवाला घोर लागलाय, रिझल्टचा वगैरे, आणि टू आलं तर कधी एकदा होतंय असं झालंय, म्हणजे अँक्शस टू मीट यू म्हणणारा घाबरलेला नसतो, भेटायला आतुर असतो! नाम अँग्झायटी, त्यात ग्झ, विशेषणात मात्र क्श, हे फळ्यावर दोन रंगांच्या खडूने लिहिलं ते डोक्यात पक्कं बसलं. पार्किंगची बोंब आहे, पण शिकवणं एक नंबर.